दिवसाला तीस पाती

तपासनीस बाई आल्या तेव्हा थोरली मुलगी सोडली तर सगळी माणसं घरातच होती, आणि खरी लाजेची गोष्ट तीच होती. भर कामाच्या दिवसांत, सकाळी अकरा वाजता, सुनेचा नवरा अंगणात खाटेवर बसलेला, म्हातारा सासरा ओट्यावर, आणि तीन वर्षांचा धाकटा दोघांच्या मध्ये लुडबुडतोय. वीटभट्टी बंद पडून तीन आठवडे झाले होते. अवेळी पाऊस आला, पाच दिवस लागून राहिला आणि थापून वाळत घातलेल्या साठ हजार कच्च्या विटांचा परत चिखल झाला. मालक म्हणाला, जमीन वाळली की बोलावतो. जमीन वाळायचं नाव घेत नव्हती.

सुनेनं स्टूल पुसून दिलं. बाई बसल्या, मांडीवर फॉर्म ठेवला. वर्षातून दोनदा अशी तपासणी व्हायची. तिच्यावर सरकारी शिध्याची रक्कम ठरायची, आणि ती दर महिन्याच्या पाच तारखेला कार्डावर जमा व्हायची. मागची तपासणी पावसाळ्यात, भट्टीच्या बंद दिवसांत झाली होती आणि म्हातारा फिरतीवर होता, म्हणून पुरते पाच हजार ठरले होते.

"जेवणारी माणसं किती?"

"पाच," सून म्हणाली. "आम्ही दोघं, दोन पोरं आणि मामंजी."

"नवऱ्याचं काम?"

"भट्टी बंद आहे."

"तुमचं?"

"बटाट्याच्या वखारीत निवडायला जाते. आठवड्यातून दोन दिवस. महिन्याचे दीड हजार होतात."

बाई भराभर लिहीत होत्या. मग त्यांनी ओट्याकडे बघून विचारलं, "आजोबा, तुम्ही काही करता का?" विचारता विचारताच त्यांनी त्या रकान्यात आडवी रेघ मारायला घेतली.

म्हाताऱ्याला कमी ऐकू यायचं. पन्नास वर्षं धारेच्या चाकापाशी कान ठेवून बसल्यावर दुसरं काय होणार? पण डोळे शाबूत होते. त्यानं ती रेघ बघितली.

"काही करता म्हणजे?" तो सरळ बसला. "धारवाला आहे मी. सात गावांत माझं चाक फिरतं. विळे, सुऱ्या, कात्र्या, कुऱ्हाडी, जे म्हणाल ते."

"अजून?"

"अजून म्हणजे? हात चालतात तोवर."

"दिवसाला किती होतात?"

"तीस पाती," म्हातारा म्हणाला.

सून पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती, ती तिथेच थांबली. मागच्या आठवड्यात त्याला चार पाती मिळाली होती. त्यातल्या दोन शेजारच्या शिंपिणीच्या कात्र्या, आणि त्यांचे पैसे म्हणून शिंपिणीनं चहा पाजला होता. बाजारात आता सुरी इतकी स्वस्त मिळते की बोथट झाली की लोक फेकून देतात. हे सगळ्या गावाला माहीत होतं. कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत उभ्या असलेल्या शिंपिणीलाही माहीत होतं, आणि तिचे कान इकडेच होते.

"बाजाराच्या दिवशी पंचेचाळीस," म्हातारा म्हणाला.

"बाई, आता तेवढं नसतं हो..." सून पुढे झाली.

"सूनबाई, तू गप. धंदा माझा आहे का तुझा?"

परक्या माणसासमोर सासऱ्याला खोटं कसं पाडायचं? तिनं नवऱ्याकडे बघितलं. नवरा जमिनीकडे बघत होता.

"एका पात्याचे किती घेता?"

"दहा. कुऱ्हाडीचे पंधरा."

"मी पंचेचाळीस धरत नाही, आजोबा," बाई आपल्या परीनं दया करत म्हणाल्या. "सरासरी तीसच धरते, दहाच्या भावानं." त्यांनी रेघ खोडून आकडा लिहिला. म्हाताऱ्यानं खाली सही केली. सही करता येते याचाही त्याला अभिमान होता, म्हणून ती त्यानं जरा सावकाश केली.

तो खोटारडा नव्हता. कागद-पेन घेऊन समोर बसलेल्या माणसाला चार जास्त सांगायचं, हे तो जन्मभर शिकत आला होता. चाकाचा नवा दगड उधार घेताना, मुलाचं लग्न ठरवताना, जागेचं भाडं ठरवताना, जो कमी सांगतो त्याला कमी मिळतं. कमी सांगेल त्याला जास्त देणारं पेन त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच आलं होतं, आणि त्याला ते ओळखता आलं नाही.

पाच तारखेला सून पिशव्या घेऊन दुकानात गेली. रस्त्यावरचं शिध्याचं दुकान, बाहेरपर्यंत लाइन. नेहमीप्रमाणे तिनं तांदूळ, पीठ, दोन डाळी, साखर, तेलाचा डबा असं सगळं काट्यावर घेतलं. दुकानदारानं कार्ड मशीनला लावलं. मशीननं लाल दिवा दाखवला. त्यानं परत लावलं.

"ताई, एवढ्याचं होत नाही. अडीच हजारच आहेत."

"पाच असतात."

"असतील. आज अडीच आहेत."

"परत बघा ना."

"दोनदा बघितलं. काय ठेवू सांगा. लाइन मोठी आहे."

आता चारचौघांसमोर निवड करायची वेळ आली. तिनं आधी साखर परत दिली. मग एक डाळ. मग दुसऱ्या डाळीतली अर्धी, मग पीठ निम्मं. दुकानदार पुन्हा पुन्हा बेरीज करत होता आणि मागच्या बायका एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होत्या. शेवटी तिनं तेलाचा डबा फळीवर ठेवला. तिचा हात बाजूला व्हायच्या आत मागच्या बाईनं तो उचलला. तिचं काही चुकलं नव्हतं, तो शेवटचाच डबा होता. पण सुनेला त्या बाईचा असा राग आला की रस्ताभर तो तिला पुरला.

दुसऱ्या दिवशी ती बटाट्याच्या ट्रकमधून तालुक्याच्या शिधा कचेरीत गेली. दोन तासांनी नंबर लागला. खिडकीमागचा कारकून तरुण होता, सर्दीनं बेजार. रुमाल नाकाला, दुसरा हात कॅल्क्युलेटरवर. पण माणूस वाईट नव्हता. त्यानं कॅल्क्युलेटर तिच्याकडे फिरवला आणि नीट समजावून सांगितलं, म्हणून तर तिला भांडताही येईना.

"हे बघा ताई. माणसं पाच. माणशी एक हजार, झाले पाच हजार. हे पुरते कधी मिळतात? घरात काहीच येत नसेल तर. काही येत असेल, तर त्याचा तिसरा हिस्सा ह्यातून वजा. कारण सरकार असं धरतं की माणूस मिळकतीचा तिसरा हिस्सा खाण्यावर घालतो."

"आम्ही तर सगळीच खाण्यावर घालतो."

"ते तुमचं झालं. सरकार तिसरा धरतं." तो शिंकला. "तर, तुमचे बटाट्याचे दीड हजार. प्रत्येक घराला दीड हजार माफ असतात, ते त्यात गेले. राहिले सासऱ्यांचे. तीस पाती, दहाचा भाव, दिवसाचे तीनशे. महिन्याचे पंचवीस दिवस धरायचे. साडेसात हजार. त्याचा तिसरा हिस्सा अडीच हजार. पाचातून अडीच गेले, राहिले अडीच. हिशेब चोख आहे."

"पण ते पैसे घरात येतच नाहीत, साहेब. तीस पाती कुठली? तीन मिळाली तरी दिवाळं निघायचं टळतं."

"इथे त्यांची सही आहे."

"मग धंद्याला दगड लागतो, तेल लागतं, तो खर्च तरी..."

"पावत्या?"

धारेच्या दगडाची पावती कोणी ठेवली असेल, असं त्यालाही वाटत नव्हतं. विचारायचं म्हणून विचारलं.

"ह्याला दोन वाटा आहेत," तो म्हणाला. "एक, सासऱ्यांना घेऊन या. ह्या खिडकीत येऊन त्यांनी सांगायचं की मी सांगितलं ते खोटं, माझी कमाई इतकी इतकीच आहे. पुढच्या महिन्यापासून दुरुस्त करू."

"ते नाही सांगायचे."

"का?"

तिनं कार्ड पिशवीत टाकलं. कारकुनानं इकडे-तिकडे बघितलं आणि आवाज उतरवला. "दुसरी वाट. घर म्हणजे काय, ताई? आमच्या नियमात घर म्हणजे भिंती नव्हेत. घर म्हणजे चूल. एका चुलीवर शिजवून खातात ते एक घर. आता तुमचे सासरे जर वेगळं शिजवून खात असतील..."

"नाही खात."

"असतील तर, म्हणालो मी. तर त्यांची कमाई त्यांच्या घरात, तुमची तुमच्यात. तुमची माणसं चार, चार हजार पुरते. मी काही सांगितलेलं नाही हं. पुढचा नंबर!"

घरी आल्यावर तिनं दोन्ही वाटा सांगितल्या. म्हाताऱ्यासाठी मोठ्यानं सांगाव्या लागल्या, म्हणजे शिंपिणीलाही कळल्या.

"खोटं बोललो असं सांगायचं? कुठं?"

"कचेरीत. खिडकीपाशी."

"सगळ्यांसमोर?"

"लाइन असते मामंजी, तिला काय करणार?"

"बाबा, तीन पाती सांगायला काय झालं होतं?" नवरा म्हणाला. तीन आठवडे रिकामा बसून त्याच्या आवाजाला गंज चढला होता.

"तुझ्या लग्नाच्या वेळी तुझ्या सासऱ्याला मी काय सांगितलं होतं? मुलगा भट्टीवर मुकादम आहे. तेव्हा नाही म्हणालास, बाबा, मी नुसता विटा वाहतो!"

सुनेला हसू आवरेना. नवराही हसला. म्हातारा स्वतः हसला नाही, पण आपण दोघांना हसवलं हे त्याला आवडलं. त्या घरात खळखळून हसणं झालं ते तेवढंच.

मग तो म्हणाला, "मी वेगळा शिजवीन. हात आहेत मला."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. सुनेला वाटलं, चार दिवसांचं नाटक आहे, कागदावर चूल वेगळी, पोटात एकच. कचेरीचा कारकून जे हळू आवाजात सांगतो ते नाटकच असणार. तिनंच अर्ज आणला, म्हाताऱ्यानं सही केली. नवऱ्यानं भट्टीवरच्या फुटक्या विटा आणून घरामागच्या लाकडांच्या खोपीत चूल मांडली. एक पातेलं, एक तवा, एक ताट, एक पेला, पिठाचा एक रिकामा डबा असं त्याला वेगळं दिलं. तपासनीस बाईंनी येऊन चुलीचा फोटो काढला, डबा उघडून बघितला. त्या दिवसापुरतं सुनेनं डब्यात पीठ भरून ठेवलं होतं.

नव्या महिन्यात कार्डावर चार हजार आले. म्हाताऱ्याच्या घराचाही हिशेब झाला. एक माणूस, एक हजार. त्यातून साडेसात हजारांचा तिसरा हिस्सा वजा. कारकून म्हणाला, "उणे दीड हजार होतात. पण घाबरू नका, सरकार उणे मागत नाही. शून्य धरतं."

पहिले काही दिवस सुनेच्या मनासारखं चाललं. ती रोज वाडग्यात भात आणि डाळ घालून वर फडकं टाकायची आणि थोरलीच्या हातून खोपीत पाठवायची. म्हातारा आपली चूल पेटवून धूर तेवढा करायचा. एका दुपारी नात वाडगं घेऊन त्याच्यासमोर बसलेली असताना दारात सावली पडली. तपासनीस बाई न सांगता आल्या होत्या.

"हे काय?"

सून मागच्या दारातून धावली, पण म्हातारा तिच्या आधी बोलला. "नात आहे. माझ्याकडे पाहुणी आली आहे, जेवू घालतोय." आणि त्यानं घास कालवून मुलीच्या तोंडासमोर धरला. सात वर्षांच्या पोरीला काय सुचलं कोणास ठाऊक, तिनं तो निमूट खाल्ला. मग दुसरा, मग तिसरा. ती घरात जेवून आली होती. बाई उभ्या होत्या तोवर म्हाताऱ्यानं आपलं सगळं जेवण तिला भरवलं.

बाई हसल्या. जाताना सुनेला म्हणाल्या, "गोड आहे मुलगी. पण पुन्हा पुन्हा वाडगी दिसली तर मला एकत्र धरावं लागेल."

त्या गेल्यावर म्हातारा म्हणाला, "आता पाठवू नकोस. लहान तोंड आहे, उद्या शाळेत काय बोलेल सांगता यायचं नाही."

"मग तुम्ही काय खाणार?"

"कमावतो ना मी."

हे त्यानं इतक्या सहज म्हटलं की तिनं ते खरं धरलं. म्हणजे धरायचं ठरवलं. चार हजारांत चौघांचंच भागत होतं, पाचव्याचं वाडगं रोज पोरांच्यातून निघत होतं. वाडगं बंद झाल्यावर तिला आधी हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं म्हणून रात्रभर स्वतःची शरम वाटली. शरम सकाळी कामाच्या घाईत गेली.

थंडी पडली. भट्टीवरून बोलावणं नव्हतं. नवरा लाकडं फोडायला, खड्डे खणायला, मिळेल तिथे जायचा आणि बहुतेक दिवस हात हलवत परत यायचा. म्हातारा उजाडताच चाक खांद्यावर मारून बाहेर पडायचा आणि दिवस मावळायला परतायचा. सून वखारीतून निवडून टाकलेले चिरलेले बटाटे ओच्यात आणायची. ते न्यायला मुकादम हरकत घ्यायचा नाही. त्यातले चार-पाच ती येता-जाता खोपीच्या दारात टाकायची, खाली पडल्यासारखे. दारात टाकलेला बटाटा म्हणजे काही एक चूल नव्हे, असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

एकदा वखारीच्या ट्रकमधून येताना तिला तो तिठ्यावर दिसला. झाडाखाली चाक मांडून बसला होता. पाय पायडलवर, चाक गरगर फिरत होतं, ठिणग्या उडत होत्या. चला, काम आहे म्हणायचं, असं तिला वाटलं. ट्रक जवळ आला तेव्हा तिला दिसलं, आसपास कोणी नाही. तो आपल्या स्वतःच्याच सुरीला धार लावत होता. चाकाचा आवाज बंद पडला तर धारवाला आलाय हे कळणार कसं, म्हणून. ती सुरी घासून घासून काडीएवढी उरली होती. तिनं ट्रकच्या फळीआड मान खाली घातली, त्याला दिसू नये म्हणून.

चौथ्या महिन्यात शेजारच्या शिंप्यानं त्याला सायकलवर बसवून आणला. मागे शिंपीण चाक ओढत होती. तिठ्यावर कोसळला होता.

"वजन काय आहे का माणसाला!" शिंपी म्हणाला. "कापडाचा तागा जड असतो."

दवाखान्यातल्या कंपाउंडरनं नाडी बघितली, पापणी ओढून बघितली, म्हणाला, "ह्याला औषध नाही. खायला घाला."

सुनेनं त्या संध्याकाळी कोणाची पर्वा न करता गरम पेज केली आणि खोपीत नेली. म्हाताऱ्याचा पायडल मारायचा उजवा पाय अंथरुणाबाहेर आला होता. पोटरी कुठं गेली ते कळत नव्हतं. आपण चार महिने ह्या माणसाच्या अंगावरून नजर काढून घेतली होती, हे तिला कळलं आणि ती रडली. त्यानं पेज पिऊन तोंड पुसलं आणि म्हणाला, "मला कचेरीत ने. सांगतो मी."

त्यानं धुतलेला सदरा घातला. दाढी स्वतः केली, त्या काडीएवढ्या सुरीनं. ट्रकमध्ये तो बसला नाही, उभा राहिला, फळीला धरून.

खिडकीत तोच कारकून होता. पण त्या दिवशी त्याच्या शेजारी खुर्ची टाकून मोठे साहेब बसले होते, तपासणीला आलेले. कारकून सुनेकडे ओळखीचं बघेना.

"काय काम?"

"सांगायचं आहे," म्हातारा म्हणाला. "पात्यांचं."

"दिवसाला किती म्हणालात तुम्ही?" कारकुनानं हळू विचारलं. म्हाताऱ्याला ऐकू गेलं नाही. "आजोबा, दिवसाला किती पाती होतात?" तो ओरडला, आणि सगळी कचेरी गप्प झाली. बाकांवरच्या बायकांनी माना वळवल्या.

"तीस नाही," म्हातारा म्हणाला. बहिऱ्या माणसाचा आवाज, तो मोठाच येणार. "तीन पण नाही. ह्या महिन्यात एक. ते पण माझंच. वर्ष झालं, माझ्याकडे काम नाही. मी खोटं बोललो."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं सुनेला वाटलं. म्हाताऱ्याची मान हलत होती, पण तो खिडकी सोडून बघत नव्हता. कारकुनानं लिहून घेतलं. काम झालं होतं. आता पाच माणसं, पाच हजार.

तेवढ्यात साहेबांनी फाइल ओढून घेतली. पानं उलटली. "ह्यांची चूल वेगळी दाखवली आहे," ते म्हणाले. मग मोठ्यानं, पण अगदी आपुलकीनं विचारलं, "आजोबा, कमाई नाही म्हणता, शिधा शून्य आहे. मग चार महिने खाता काय?"

म्हाताऱ्यानं वळून सुनेकडे बघितलं. सगळी कचेरी तिच्याकडे बघत होती. ही कोणाची सून, हिनं सासऱ्याची काय दशा केली आहे, असं बघत होती. ते त्यानंही ओळखलं.

"सूनबाई घालते," तो म्हणाला. "दोन वेळा, गरम. तिनं मला एक दिवस उपाशी ठेवलेलं नाही."

साहेबांनी तिला विचारलं, "खरं का ताई?"

नाही म्हणायचं होतं, बस्. नाही साहेब, मी ह्यांना खायला घालत नाही, हे एकटे शिजवतात, कधी शिजवतात, कधी नाही, बघा त्यांच्या हातांकडे. खरं तेच होतं आणि फायद्याचंही तेच होतं. समोर पंचवीस-तीस बायका बसल्या होत्या. शेजारी तो उभा होता, तिची अब्रू सावरून. कारकून मान खाली घालून पेन उघडत-मिटत होता, जणू म्हणत होता, नाही म्हणा ताई, नाही म्हणा.

"घालते," ती म्हणाली.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. मग हिशेब व्हायला वेळ लागला नाही. सून खायला घालते म्हणजे चूल एक. चूल एक असताना वेगळी सांगितली. चार महिने घराला चार हजार गेले, तेव्हाच्या कागदाप्रमाणे जायला हवे होते अडीच. महिन्याचे दीड हजार जास्त गेले, ते पुढचे चार महिने कापून घ्यायचे.

"पण तेव्हा पण कमाई नव्हती, साहेब, आत्ताच सांगितलं ना त्यांनी!"

"आज सांगितलं, आजपासून धरलं. मागचं मागे."

"मग आजपासून पाच हजार ना? त्यातून दीड कापा."

"चार," साहेब म्हणाले. "खोटी चूल सांगून सही केली त्याचं डोकं एक वर्ष धरायचं नसतं. सही आजोबांची आहे. माणसं चार, चार हजार, कपात दीड. अडीच हजार." त्यांना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. "घरोघरी मातीच्या चुली, ताई. मी तरी काय करणार?"

बाहेर आल्यावर म्हातारा म्हणाला, "झालं का काम? मी नीट बोललो ना?" त्याला साहेबांचं पुढचं काहीच ऐकू आलं नव्हतं. तिनं त्याला ट्रकच्या थांब्यापर्यंत नेलं, बाकावर बसवलं, आणि मग त्याच्या कानाशी वाकून सगळा हिशेब सांगितला. दोनदा सांगावा लागला. दुसऱ्यांदा सांगताना तिच्या आवाजात राग आला, आणि तो तिनं आवरला नाही. "कशाला म्हणालात दोन वेळा, गरम? कोणी विचारलं होतं?" तूही घालते म्हणालीस, असं तो म्हणू शकला असता. म्हणाला नाही.

नवऱ्यानं ऐकून घेतलं आणि कोणाला न विचारता खोपीतलं पातेलं, तवा, ताट उचलून घरात आणून ठेवलं. चुलीच्या विटा लाथेनं पाडल्या.

पाच तारखेच्या दुपारी सगळे पुन्हा एका ओळीत जेवायला बसले. नवरा, थोरली, धाकटा, शेवटी म्हातारा. सून वाढत होती. अडीच हजारांत आलेल्या तांदळातला मापून घेतलेला भात आणि डाळीचं पाणी.

"आजोबा आता आपल्यात?" थोरलीनं विचारलं.

"हो, आपल्यात," नवरा म्हणाला. "जेव गुपचूप."

म्हातारा खुशीत होता असं नाही, पण चार महिन्यांनी माणसांत बसल्यावर जे वाटतं ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. त्यानं धाकट्याच्या ताटातला खाली सांडलेला भात वेचून परत ताटात ठेवला. मग स्वतः खायला लागला. सावकाश, एकेक घास नीट चावून. वाढलेला भात संपला, तेव्हा त्यानं सवयीनं ताट किंचित पुढे केलं.

सुनेचे डोळे त्याच्या हातावर होते. किती वेळ होते ते तिला कळलं नव्हतं. तिच्या मनात आकडा तयार होता: नऊ. त्यानं नऊ घास खाल्ले होते. नवऱ्याचे तिनं मोजले नव्हते, पोरांचे मोजले नव्हते.

त्यानं मान वर केली. तिच्याकडे बघितलं, पातेल्याकडे बघितलं आणि पुढे केलेलं ताट मागे घेतलं.

"बास," तो म्हणाला. "पोट भरलं."

घ्या ना मामंजी, अजून आहे, असं ती लग्न होऊन आल्यापासून रोज म्हणत आली होती, पातेलं रिकामं असलं तरी म्हणत आली होती. आज पातेल्यात भात होता. तिनं त्यावर झाकण ठेवलं.